बळवंतराव इंगळ्यांनी उघडलेले डोळे

तर तो पाणकावळा. काल तिथवरच आलो होतो आपण. बैजातालाच्या पाण्यातून एक लोखंडी खांब वर आलेला, त्यावर तो पंख पसरून बसलेला, कुणी ओलं धोतर वाळत घालावं तसा. आणि काठावर आमचे बळवंतराव इंगळे, वय वर्षं चौऱ्याहत्तर, कॅमेरा डोळ्याला लावून, श्वास रोखून उभे. आता खटका दाबणार, तेवढ्यात समोरच्या काठावरून एक आडदांड गडी ओरडला, "ओ दद्दा! हमारी मिसेज की फोटो काहे खींच रहे हो?"

झालं. पाणकावळा उडाला. फिरायला आलेली चार माणसं थांबली.

"भैया, हम तो चिड़िया की खींच रहे थे," बळवंतराव म्हणाले.

"चिड़िया तो उड़ गई. अब किसकी खींच रहे हो?"

कारण कॅमेरा अजून डोळ्यालाच होता. आणि गंमत म्हणजे त्या गड्याचं बरोबर होतं. पाणकावळा आपला निमित्ताला. कॅमेऱ्याची लांब नळी त्या बाईच्याच डोळ्यांवर रोखलेली होती. बाई बिचारी चणे खात होती.

घरी येऊन त्यांनी हे बायकोला सांगितलं. काही लपवायची सवय नाही ना माणसाला. सुधाताई शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "या वयात बायकांचे डोळे बघत फिरता. एक दिवस कुणीतरी तुम्हालाच त्या खांबावर वाळत घालील."

"अगं, तसं नाही."

"तसं नाही ते मला माहीत आहे. त्या गड्याला कुठं माहीत आहे?"

सुधाताईंना माहीत होतं. तेवढ्या एकट्यांनाच माहीत होतं. आणि ती गोष्ट सांगायची म्हणजे साठ वर्षं मागं, नई सडकेवर जायला हवं.

तिथं गोपाळकृष्ण मास्तरांचा फोटो स्टुडिओ होता. खाली दुकान, वर जिन्याने गेलं की पडदा, दोन खुर्च्या, कागदी फुलांची कुंडी. बळवंता सोळाव्या वर्षी तिथं कामाला लागला. शिंदे की छावनीतलं घराणं. आजा घोडदळात, बाप फौजेत, आणि हा पोरगा हातात तीन शून्य नंबरचा, केसाएवढा बारीक ब्रश घेऊन बसलेला. आजा म्हणायचा, "इंगळ्यांच्या घरात हत्यार बारीक होत चाललंय." पण हात असा होता की मास्तरांनी आठवड्यात ओळखला.

त्या काळी लष्कर भागातल्या मराठी घरांत रीत अशी, की माणूस गेलं आणि त्याचा धड फोटो नसला, तर न्यायच्या आधी स्टुडिओत निरोप धाडायचे. तेराव्याला फोटो पाटावर मांडायचा, पुढं दर वर्षी पितृपक्षात मांडायचा, तर फोटो हवाच. आणि फोटो असायचे कुणाचे? बायकांचे तर नसायचेच. मग मास्तर किंवा बळवंता कॅमेरा घेऊन जायचे. उशीला टेकवून बसवायचं, पदर सारखा करायचा, खटका दाबायचा. पण मिटल्या डोळ्यांचा फोटो पाटावर कसा मांडणार? म्हणून स्टुडिओत आणून त्या फोटोवर डोळे रंगवायचे. उघडे. ते काम बळवंताचं.

शिकवताना मास्तरांनी त्याच्यापुढं एक काचेची निगेटिव्ह ठेवली. पंचविशीतल्या एका बाईची. फोटो काढून गेली आणि न्यायला कुणी आलंच नाही. नाव नाही, गाव नाही. मास्तर म्हणाले, "हिचे डोळे गिरव. हे जमले की सगळे जमतील."

सहा महिने त्याने तेच गिरवले. नजर किंचित डावीकडं, दारातून कुणी हाक मारावी आणि मान न वळवता नुसते डोळे वळावेत, तशी. आणि बुबुळात उजेडाचा ठिपका असतो ना, तो ठिपका नव्हताच मुळी. ती खिडकी होती. इवलीशी, मधे आडवा गज, आणि तो गज एका बाजूला कललेला. बळवंताने स्टुडिओतल्या सगळ्या खिडक्या पाहिल्या. तसा गज एकीलाही नव्हता.

"मास्तर, ही खिडकी कुठली?"

"तुला खिडकीशी काय करायचंय? डोळा काढ."

डोळा जमला. इतका जमला की दुसरा जमेना. कुणाचाही फोटो पुढं येवो, म्हातारा असो, सुभेदार असो, सहा मुलांची आई असो, बळवंताचा ब्रश गेला की तीच नजर उमटायची, तीच खिडकी. मास्तरांना त्याने भीत भीत सांगितलं. मास्तर हसले. "रडणाऱ्याला तपासणी सुचत नाही, बळवंता."

आणि खरंच सुचत नव्हती. फोटो हातात पडला की माणसं हुंदका देऊन म्हणायची, "हुबेहूब! अगदी आमचे अण्णा!" एक जण नाही, दोन जण नाही, पंधरा-वीस वर्षं प्रत्येक घर म्हणालं, हुबेहूब. आरंभी बळवंताची छाती फुगायची. मग हळूहळू त्याला लोकांच्या घरी जेवायला बसणं जड व्हायला लागलं. बारसं असो, मुंज असो, हा भिंतीकडं पाठ करून बसायचा. कुणी म्हणायचं, "इकडं बसा ना, पंखा आहे." तो म्हणायचा, "नको, बरा आहे इथं." कारण तोंड वळवलं तर भिंतीवर सुभेदार. सुभेदाराच्या कल्लेदार मिशा, आणि मिशांच्या वर ती बाई.

मास्तर वारले तेव्हा कळलं, आयुष्यभर लोकांचे फोटो काढणाऱ्या माणसाचा स्वतःचा एक फोटो घरात नव्हता. बळवंतानेच काढला. बळवंतानेच रंगवायला घेतला. आता इतर कुणाचं ठीक, पण मास्तरांचे डोळे त्याने बावीस वर्षं रोज पाहिले होते. बारीक, मिश्कील, कोपऱ्यात सुरकुत्या असलेले. तेच काढायचे असं घोकत बसला. तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी ब्रश खाली ठेवला आणि पाहिलं. मास्तरांच्या चेहऱ्यातून ती त्याच्याकडं बघत होती. किंचित डावीकडं, खिडकीसकट.

मास्तरीणबाई म्हणाल्या, "हुबेहूब."

त्या दिवसानंतर बळवंतरावांनी ब्रश धरला नाही. लग्नांचे फोटो काढले, पासपोर्टचे काढले, स्टुडिओ बंद झाला तसे घरी बसले. मग चार वर्षांमागं मुलानं, विहंगनं, नोएडाहून हा लांब नळीचा कॅमेरा आणून दिला. "बाबा, चिड़िया वगैरह खींचा करो, मन लगा रहेगा." तेव्हापासून रोज सकाळी बैजाताल. खंड्या, ढोकरी, टिबुकली. टिबुकली तर इकडं बुडी मारते आणि भलतीकडंच वर येते, तिच्यापायी माणूस अर्धा तास उभा. पक्ष्यांचे फोटो छानच यायचे. पण घरी आल्यावर बळवंतराव माणसांचे फोटो मोठे करून बघायचे, एकेका चेहऱ्याचे डोळे पडदाभर होईपर्यंत. ती बाई आज असलीच तर ऐंशीच्या पलीकडं. पण डोळे घराण्यात उतरतात. तिची मुलगी असेल, नात असेल. एकदा सापडली तर नाव कळेल. नाव कळलं की, त्यांना वाटायचं, ती आपल्याकडं बघायची थांबेल. सुधाताई म्हणायच्या, "आणि नाही थांबली तर?" बळवंतराव पुढचा चेहरा मोठा करायला घ्यायचे.

तर पाणकावळ्याच्या घटनेला आठ दिवस झाले असतील. मार्गशीर्षातली सकाळ, पाण्यावर धुकं बसलेलं. काठावरच्या पायडलच्या होड्या नुसत्या आकारानं ओळखायच्या. बळवंतराव कठड्याला टेकून ढोकरीवर नेम धरत होते. मागून आवाज आला, "काका, तुम्ही इंगळे ना? नई सडकेवरचे?"

पंचेचाळिशीची बाई, अंगावर शाल, हातात मोबाइल. धुक्यातून एकदम उगवलेली. बळवंतरावांनी सवयीनं आधी डोळे पाहिले. ते नव्हते.

"मी मंजिरी. माहेरची पागे. बिड़ला नगरात राहायचो आम्ही, वडील मिलच्या ऑफिसात होते. आमच्या घरातल्या एका फोटोच्या मागं तुमच्या स्टुडिओचा शिक्का आहे. मैं वहाँ गई, तो तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात. त्यांनी सांगितलं, दादा सुबह ताल पर मिलेंगे."

"बोला ना, बेटा."

तिने मोबाइल पुढं केला. "ही माझी आई. मी दोन दिवसांची असताना गेली. मी तिला कधी पाहिलंच नाही, फक्त हा फोटो. लहानपणी मी फोटोच्या एका बाजूला उभी राहायची, कारण समोर उभं राहिलं तर ती माझ्याकडं बघत नाही. जरा बाजूला झालं की बघते. अभ्यास तिथंच, भांडण झालं तर रडायला तिथंच. बाबांना विचारलं, आई कशी होती, तर म्हणायचे, फोटो आहे ना, तशीच. शेवटी शेवटी त्यांनाही फोटोतलीच आठवायची."

पाण्यात टिबुकलीने बुडी मारली.

"गेल्या महिन्यात छावनीत आमच्या ओळखीच्या लीलाताईंच्या घरी गेले होते. त्यांच्या आजेसासऱ्यांचा फोटो भिंतीवर. मिशा बघून हसायला आलं, आणि मग काका, मी एकदम बाजूला जाऊन उभी राहिले. पाय आपोआप गेले. आणि ते माझ्याकडं बघायला लागले. आईसारखे." तिने दुसरा फोटो काढला, डोळे मोठे केले. "ही खिडकी. आणि ही आईच्या डोळ्यातली. सेम टू सेम. गज पण तसाच तिरका. मग मी तुमच्या शिक्क्याचे आणखी तीन फोटो शोधले. सगळ्यांत आहे."

"हूं."

"मी महिनाभर झोपले नाही नीट. आधी राग आला. मग विचार केला, कुणाचे तरी तर असतीलच ना हे डोळे? कुठून तरी सुरुवात झालीच असेल." ती जवळ आली. आवाज लहान मुलीसारखा झाला. "मतलब, तुम्ही आधी आईचे काढले असतील. छान जमले, म्हणून बाकीच्यांना तेच दिले. असंच झालं ना, काका? आई पहली थी ना?"

आता बघा, काय वेळ आली माणसावर. नुसतं "हो" म्हणायचं होतं. एवढा सोपा शब्द, आणि ती बाई आयुष्यभर सुखात राहिली असती. उलट तिची आई अख्ख्या लष्करातल्या भिंतींवरून बघतेय, असं मानून जरा ताठ मानेनं फिरली असती. बळवंतरावांच्या ओठांवर तो शब्द आलाही होता. वर्षानुवर्षं लोकांनी "हुबेहूब" म्हटलं आणि ते गप्प राहिले होते. त्यात आणखी एक.

पण त्यांना बिड़ला नगरातली ती खोली आठवत होती. मिलच्या क्वार्टरांच्या लाइनीतलं घर, चुलीवर तापत ठेवलेलं पाणी, आणि शेजारच्या खोलीत कुणीतरी तान्ह्या पोरीला थोपटत असलेलं. पोरगी इतकी रडत होती की कॅमेऱ्याचा खटका ऐकू आला नाही. उशीला टेकवलेल्या त्या बाईचा चेहरा त्यांनी खूप जवळून पाहिला होता, पदर सारखा करताना. ती पहिली नव्हती. चाळिसावी असेल, पन्नासावी असेल. आणि ते रडणं आज पंचेचाळीस वर्षांचं होऊन समोर उभं होतं, हातात मोबाइल धरून, बाजूला नाही, अगदी समोर.

धुक्यात कुठंतरी ढोकरी उडाली. बळवंतरावांनी तिकडं पाहिलं नाही. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यातून काढला, कॅमेरा कठड्यावर ठेवला.

"काका, बोला ना. पहिली तीच होती ना?"

"नाही, बेटा. पहिली ती नव्हती, आणि ते डोळे तिचे नाहीत. कुणाचे, ते मलाही माहीत नाही, तिलाच शोधत फिरतोय मी. तुझ्या आईचे डोळे मी मिटलेलेच पाहिले. डावी पापणी तेवढी पुरती मिटली नव्हती, आणि आत जे दिसलं ते घारं होतं. हे आजवर मला कुणी विचारलं नाही, मी कुणाला सांगितलं नाही, आणि काळे रंगवून दिले."