बसलेला घसा

ड्रेसाज या घोडेस्वारीच्या प्रकारात घोड्याशी बोलायचं नसतं. नुसत्या बैठकीने आणि लगामाने त्याला थांबवायचं असतं. आमच्या रायडिंग स्कूलमधली पोरं मात्र बैलांना 'हो, हो' म्हणत थांबवणारी. धामणगाव बढ्याची एक मुलगी घोड्यावरही तेच करायची. मी कुंपणाबाहेरून रोज खेकसायचो, "तोंड बंद! हं, आता थांबव!" महिन्याभरात ती गप्प झाली आणि घोडा रिंगणाच्या कडेला थांबायच्या खुणेसाठी लावलेल्या अक्षराच्या पाटीपाशी अचूक थांबू लागला. माझ्या शिकवण्यावर मीच खूश होतो.

मग एकदा माझा घसा बसला. त्या दिवशी घोडा न थांबता पाटी ओलांडून सरळ पुढे गेला. मुलगी खोगिरावरूनच शांतपणे म्हणाली, "सर, त्याले मी थांबवतच नव्हती. तो तं तुमच्या आवाजावर थांबे."