बाबांचे सीक्वेल आणि माझे ब्लॅक अँड व्हाइट

मागच्या महिन्यात एका रविवारी बाबा माझा पिक्चर अर्ध्यावर सोडून सावनेरच्या बसने निघून गेले... आणि चूक सगळी माझी होती.

आधी आमची पद्धत सांगते. आई गेल्यापासून बाबा दर रविवारी सकाळच्या बसने नागपूरला माझ्याकडे येतात. भरीत-भाकरी झाली की आम्ही दोघं टीव्हीसमोर... एक रविवार त्यांचा पिक्चर, पुढचा रविवार माझा.

त्यांचा म्हणजे हिंदीत डब केलेला हॉलिवूडचा अ‍ॅक्शन पिक्चर, आणि तोही सीक्वेलच पाहिजे. पहिल्या भागात नुसती ओळखपाळख करून देण्यात वेळ जातो, असं त्यांचं म्हणणं. पाहुणा दुसऱ्यांदा आला की सरळ स्वयंपाकघरात येऊन बसतो, तसा दुसरा भाग असतो म्हणे. मला हे मनातून पटतं, पण कबूल कोण करणार... तिसऱ्या भागात मेलेल्या व्हिलनचा भाऊ उगवतो आणि तिथून सगळं बिघडतं, यावर मात्र आमचं एकमत आहे.

माझा म्हणजे जुना ब्लॅक अँड व्हाइट. हॅट घातलेली माणसं, जिन्यावरून सावकाश उतरणारी हिरॉइन, आणि संवाद तर असे की रिमोटने मागे नेऊन पुन्हा ऐकावेत. दोन माणसं एका खोलीत नीट भांडली तर दहा गाड्या उडवण्याची गरज नाही, असं माझं ठाम मत. बाबांना इंग्रजी येत नाही, म्हणून मी शेजारी बसून प्रत्येक वाक्य मराठीत सांगत जाते. या कामाचा मला फार अभिमान होता.

तर त्या रविवारी पाळी माझी होती. नवरा-बायकोचा पिक्चर, त्यात दीड तास नुसतं बोलणं. मध्येच मला वाटलं बाबांचं लक्ष नाहीये... मी शाळेत शिकवते, सवय वाईट. पिक्चर थांबवला आणि विचारलं, "बाबा, आता ती त्याला काय म्हणाली सांगा बरं?"

टीव्हीवरची नजर न काढता मी पुन्हा विचारलं. मग त्यांच्याकडे वळून मी चांगलं मोठ्याने म्हणाले, की तुम्हाला मारामारीच पाहिजे, डोकं लावायला नको... असं कुणी आपल्या बापाला बोलतं का? पण मी बोलले.

ते उठले, चपला घातल्या. "मले पाचची बस पाह्यजे," एवढंच म्हणाले आणि गेले.

पुढच्या रविवारी आले नाहीत. फोन आला, गुडघा दुखून राहिला म्हणाले आणि मी काही विचारायच्या आत ठेवून दिला. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. मी एकटीच माझा एक लाडका पिक्चर लावून बसले. पहिलं वाक्य मराठीत सांगायला तोंड उघडलं आणि शेजारी कुणी नाही... दहा मिनिटांत टीव्ही बंद केला.

तिसऱ्या रविवारी न कळवता मीच सावनेरला गेले. दार उघडंच होतं. बाबा माझ्याकडे पाठ करून खाटेवर बसलेले, समोर कुठला तरी सीक्वेल चाललेला. पूल कोसळत होता, हेलिकॉप्टर पेटलं होतं... आणि घरात चिटपाखराचाही आवाज नव्हता. टीव्ही म्यूटवर होता.

मी दोनदा हाक मारली. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. खांद्यावर हात ठेवला तेव्हा दचकले.

बाबांनी सगळी नोकरी कोळशाच्या खदानीत ड्रिल चालवण्यात काढली. एक कान केव्हाच गेला होता, दुसऱ्याचंही आता फारसं काही उरलं नव्हतं. समोरासमोर बसलं की ओठांवरून समजून घ्यायचे. फोनवर आपलंच बोलून ठेवून द्यायचे, आणि मी समजत होते की त्यांचा स्वभावच तसा. अ‍ॅक्शन पिक्चर का आवडतात तेही तेव्हा कळलं... पूल पडला हे कानाने कळावं लागत नाही.

मला रडू आलं. समोर बसून, एकेक शब्द सावकाश उच्चारत विचारलं, की मला सांगितलं का नाही.

"काहून सांगू वं? सांगितलं असतं तर तुनं तुह्ये पिक्चर लावणं बंद केलं असतं," बाबा म्हणाले. "मले ते पिक्चर समजत नोहते. मी तुह्याच तोंडाकडे पाहत बसो. तू हसली का मी भी हसो. चांगलं वाटे मले."

कितीतरी रविवार मी भाषांतर करत होते, आणि बाबा माझा पिक्चर पाहत होते.

कानाच्या डॉक्टरांकडे यायला ते कुरकुरत का होईना, तयार झालेत. मशीन बसेल तेव्हा बसेल. काल रविवारी बाबा आले आणि मी मूकपटांच्या काळातली एक जुनी कॉमेडी लावली. एक माणूस डुगडुगणाऱ्या टेबलाचे पाय सारखे करायला बसतो, एकेक पाय कापत जातो, आणि शेवटी टेबल जमिनीला टेकतं. बाबा असे हसले की त्यांना ठसका लागला.

मी पिक्चर किती पाहिला, देव जाणे. मी त्यांच्याकडे वळून बसले होते... ते हसले की मी हसत होते.