झपट मारल्यावर पुढे

हर्षा कापगते मागे लागली की समोरच्या खेळाडूचं काही खरं नसायचं. तुमसरच्या फ्रिस्बी संघाला हे पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. एरवी ही बाई नवऱ्यासोबत पोहे-मुरमुऱ्याच्या दुकानात बसते आणि संध्याकाळी मुलीचा अभ्यास घेते. मैदानात उतरली की मात्र समोरच्याला सोडत नाही. डिस्क, म्हणजे ती प्लास्टिकची उडती तबकडी, अगदी त्याच्या बोटांपर्यंत येते, तो हात पुढे करतो, आणि मधूनच कुठून तरी हर्षाचा पंजा निघतो. डिस्क जमिनीवर.

हा पंजा कबड्डीचा. लाखांदूरजवळच्या माहेरगावी ती शाळेच्या संघात कोपरा सांभाळायची. चढाईला आलेल्या पोरीचा घोटा एकदा तिच्या हाती लागला की सुटत नसे. स्वतः मात्र ती एकदाही चढाईला गेली नाही. "तू फक्त धरून ठेव, बाकीचं आमी पाहतो," असं संघातल्या मुली म्हणायच्या आणि तिलाही ते बरं वाटायचं.

तुमसरला फ्रिस्बी आणली भुपेंद्रने. तो वीज कंपनीत इंजिनिअर. नागपूरला कॉलेजात असताना हा खेळ शिकला आणि इथे बदली झाल्यावर शाळेच्या मैदानावर चार पोरं जमवून सुरू केला. एका संघात सात जण, आणि त्यात बायकाही हव्यातच. म्हणून तो पोरी शोधत फिरत होता. हर्षाची कबड्डी कुणीतरी त्याच्या कानावर घातली, तसा तो थेट दुकानात आला. हर्षाने काही बोलण्याआधी तिचा नवरा अमर म्हणाला, "घेऊन जा जी. इथं गिऱ्हाईकालेच धरून ठेवते."

पहिल्याच दिवशी तिने कुलदीपचा घोटा धरला. कुलदीप संघातला सगळ्यात चांगला फेकणारा. तो तोंडावर आपटला आणि पडल्या पडल्या म्हणाला, "सोडा वहिनी, आऊट झालो मी."

"तुले लागलं का गा?"

"लागलं नाई. पण या खेळात आंगाले हात लावत नाई."

भुपेंद्रने मग सगळं नीट सांगितलं. अंगाला हात नाही. डिस्क हातात असताना पळायचं नाही, उभ्यानेच दुसऱ्याकडे फेकायची. समोरचा मोठ्याने दहापर्यंत आकडे मोजतो, त्याच्या आत ती सुटली पाहिजे. पलीकडच्या रेषेमागे आपल्या माणसाने झेलली की गोल. पंच नसतो, चूक झाली तर खेळाडूंनीच कबूल करायची. आणि डिस्क खाली पडली की ती लगेच दुसऱ्या संघाची.

हर्षा हे सगळं शिकली, पण कबड्डीची एक सवय तिच्या अंगातून जाईना. कबड्डीत गडी धरला की शिट्टी होते, टाळ्या पडतात, काम संपतं. फ्रिस्बीत शिट्टी नसते. डिस्क पाडली त्याच क्षणी हल्ला आपला होतो, आणि समोरचा संघ गोंधळलेला असतो तोवर पुढे जायचं असतं. हर्षा डिस्क पाडायची आणि दोन्ही हात वर करून हसत उभी राहायची. बाकीचे ओरडले की घाईघाईने ती उचलायची, कुलदीपच्या हाती द्यायची आणि सुटले एकदाची म्हणत बाजूला व्हायची.

एका संध्याकाळी तिच्या सासूबाई, शकुनबाई, नातीला घेऊन सराव पाहायला आल्या. त्यांना खेळातलं काही कळत नव्हतं, पण एवढं दिसलं.

"काय वं, एवढी झपटून आणली अन् त्या पोराच्या हाती देऊन आली? दुकानात तर मूठभर मुरमुरा जास्तीचा जाऊ देत नाईस."

सगळे हसले, हर्षाही हसली. पण घरी जाईपर्यंत ते वाक्य तिच्या चपलेत खडा अडकावा तसं टोचत राहिलं.

खेळ सुरू होताना एक संघ डिस्क लांब टाकून दुसऱ्याला देतो, आणि पुढे दर गोलनंतर तो करणारा संघ देतो. म्हणून भुपेंद्रच्या संघात दोन फळ्या होत्या. जेव्हा समोरचा संघ डिस्क टाकून देतो तेव्हा उतरते ती हल्ल्याची फळी. डिस्क आधीच आपली, ती न गमावता शेवटपर्यंत न्यायची. गोल झाला तर कुणी फारसं कौतुक करत नाही, कारण तो व्हायचाच असतो. चुकलं तर मात्र सगळ्यांना दिसतं. आपण डिस्क टाकून देतो तेव्हा उतरते ती बचावाची फळी. तिच्याकडून कुणाची अपेक्षा नसते, म्हणून ती बिनधास्त खेळते. कुलदीपसारखे काही जण दोन्ही फळ्यांत उतरायचे, हर्षा कायम दुसऱ्या फळीत.

दुसऱ्या दिवशी ती भुपेंद्रला म्हणाली, "भाऊ, मले हल्ल्याच्या फळीत घ्या."

"ताई, हातात डिस्क आली की तुमी घाबरता."

"घाबरत नाई."

"मंग फेकत काहून नाई?"

"धरताना चुकलं तर सगळ्यांचं चुकते. फेकताना चुकलं तर माह्यं एकटीचं. सारे माह्याकडेच पाहतीन."

भुपेंद्रने मान हलवली. "असं करू. रविवारी स्पर्धा आहे. पहिल्या मॅचमध्ये एकदा तरी झपट मारून तुमीच पुढं टाका, अन् त्याचा गोल होऊ द्या. मंग फायनलले हल्ल्यात घेतो. नाई झालं तर बचावातच राहा, मले फेकणारा माणूस पायजे."

रविवारी जवाहरनगरचा संघ गाडी करून आला. ही मंडळी शांत खेळायची. छोटे छोटे पास, घाई नाही, जणू जेवायला बसलेत. त्यांची कॅप्टन कामिनी उंच आणि चपळ, आणि तिला धरायचं काम हर्षाकडे. हर्षाने सकाळभरात तीनदा डिस्क पाडली, आणि तिन्ही वेळा कुलदीपला दिली. तिसऱ्या वेळी तर भुपेंद्रने बाहेर डोक्याला हात लावला.

गुण बरोबरीत आले. पुढचा गोल करेल तो जिंकणार. शेवटचा गोल तुमसरने केला होता, म्हणजे डिस्क टाकून द्यायची पाळी त्यांची. बचावाची फळी उतरली.

जवाहरनगरने चार-पाच पास केले. कामिनी डावीकडे वळल्यासारखी करून उजवीकडे पळाली. हर्षा फसली नाही. पंजा निघाला, डिस्क खाली.

तिने उचलली आणि सवयीने कुलदीपकडे पाहिलं. कुलदीपला दोघं चिकटून उभे होते. सकाळपासून ही बाई त्यालाच देते, हे जवाहरनगरवाल्यांना काय दिसलं नव्हतं! समोर कामिनी हात पसरून मोजत होती, "एक... दोन... तीन..."

दोघं कुलदीपवर, म्हणजे कुणीतरी मोकळं असणार. शालू! संघातली सगळ्यात लहान पोरगी गोलरेषेकडे एकटीच पळत होती, "ताई, इकडं!" म्हणून ओरडत.

"सात..."

हर्षाने फेकली. डिस्क लटपटली, वाऱ्यावर कलली आणि रेषेच्या अलीकडेच पडली. शालूने अंग टाकलं, पण हात पोचला नाही.

सारे तिच्याकडेच पाहत होते. अगदी तिने म्हटलं होतं तसं. पण त्याचं वाईट वाटून घ्यायला हर्षा तिथे होतीच कुठे? कामिनी पडलेल्या डिस्ककडे पळाली तशी हर्षाही तिच्यामागे निघाली होती. पायांना हे काम नवीन नव्हतं. कामिनीने डिस्क उचलली, तुमसरवाले सावरायच्या आत टाकून मोकळं व्हावं म्हणून झटकन हात फिरवला, आणि हर्षाच्या पंजात थाडकन आवाज झाला. डिस्क पुन्हा खाली.

"माहा हात तुमाले लागला का?" हर्षाने विचारलं.

कामिनीने धापा टाकत मान हलवली. "नाई, डिस्कलेच लागला. खेळा."

हर्षाने डिस्क उचलली. गोलरेषा समोर, आणि रेषेपलीकडे शालू गुडघे झटकत उभी राहत होती. आत्ताच हरवलेली वस्तू हर्षाने आत्ताच परत आणली होती. पुन्हा गेली तर पुन्हा आणता येईल, त्यात काय! एवढा साधा हिशेब आजवर आपल्या डोक्यात कसा आला नाही, याचं तिला हसूच आलं, आणि हसत हसतच तिने फेकली.

शालूने दोन्ही हातांनी पोटाशी धरली.

मग जो आरडाओरडा झाला त्यात शालूची वेणी सुटली आणि कुलदीपचा बूट हरवला. खेळ संपल्यावर दोन्ही संघ एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गोल उभे राहिले, तशी रीतच आहे. कामिनी म्हणाली, "आमी सकाळपासून कुलदीपले पकडून बसलो, अन् तुमी ऐन टायमाले दुकान बदललं!"

दुपारी फायनल. भंडाऱ्याचा संघ डिस्क टाकून देणार होता. भुपेंद्रने हल्ल्याची फळी सांगितली, "कुलदीप, शालू..." आणि पुढे, नेहमीच्याच आवाजात, "हर्षाताई."

ती रेषेवर उभी राहिली. विचित्रच वाटत होतं. कुणाच्या मागे लागायचं नव्हतं, काही हिसकायचं नव्हतं. पलीकडून हात वर झाला, डिस्क सुटली आणि उन्हात तरंगत त्यांच्याकडे यायला लागली.

"वहिनी, मी घेऊ का?" कुलदीपने विचारलं.

"सरक बाजूले," हर्षा म्हणाली, आणि डिस्कखाली जाऊन उभी राहिली.