डाव्या हाताचा खेळ

अंकुशचा उजवा हात बोरगावच्या एका कारखान्यात पत्रा कापायच्या मशीनखाली गेला. कोपराखाली थोडासा उरला, तेवढा तो सदऱ्याच्या बाहीत झाकून ठेवी. गावात, रामाकोन्यात, त्याआधी त्याची ओळख वेगळीच होती. कोणाचं मीटर जळो, कोणाची मोटर बसो, 'अंकुशले बलावा' हे ठरलेलं. दर जयंतीला बुद्धविहारावर रोषणाई तोच चढवायचा; दातात वायर धरून, शिडीवरून खालच्यांना शिव्या घालत. आता तो दिवसभर खाटेवर बसून असे. त्याची बायको रूपाली सकाळी शेडवर संत्री निवडायच्या कामाला जायची. जाण्याआधी ती त्याच्या पँटचं बटण लावून देई, तेव्हा तो छताकडे पाही.

रूपालीची बहीण नेहा सौसरच्या एका दवाखान्यात नर्स होती. डाव्या हाताची बोटं चालती व्हावी म्हणून तिनंच त्याच्या मोबाइलमध्ये तो गेम टाकून दिला. खारीचं एक पिल्लू. ते आपलं आपण चालत राहतं, त्याला धरता येत नाही की थांबवता येत नाही. पुढे खड्डा आला की आपण फळी सरकवायची, नाहीतर दुसरीकडे शेंगदाणा ठेवायचा, मग ते तिकडे वळतं.

"हे लेकरायचं आहे," अंकुश म्हणाला.

"खेळून तर पाहा भाऊजी. बोटायले काम भेटते."

सुरुवातीला पिल्लू नुसतं पडत होतं. पडलं की 'टुप्प' आवाज व्हायचा आणि अंकुश शिवी हासडायचा. रूपालीला त्या शिवीनं बरं वाटलं. घरात कितीतरी दिवसांनी शिवी ऐकू आली होती. हळूहळू बोट नेमकं पडू लागलं. संध्याकाळी ती भाकरी थापत असली की तो ओरडून सांगे, "नदी पार केली पोट्ट्यानं!" मग ती पिठाच्या हातानंच बघायला येई. एके सकाळी त्यानं स्वतःचं बटण स्वतः लावलं. तिनं पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि डबा भरू लागली.

एप्रिलमध्ये विहाराचं काम बघणारा गौतम घरी आला.

"दादा, रोषणाईचं पाहा लागते. तू फक्त खुर्चीवर बसून सांग. चढाले आम्ही आहो ना."

अंकुश धुतलेला सदरा घालून गेला. रूपाली कामावरून परतताना विहारासमोर थांबली, तेव्हा तो खुर्चीतून ओरडत होता, "डावीकडून घे ना बे! खालून काढ तो वायर!" पण बाजूला डीजे तपासणं चाललं होतं, शिडीवरच्या दोघांना काही ऐकू येत नव्हतं. त्यांनी माळ भलतीकडेच जोडली. अंकुश ताडकन उठला, शिडीपाशी गेला आणि सवयीनं त्यानं उजवा हात वर टाकला. रिकामी बाही शिडीच्या दांड्यावर आपटली. डीजेही नेमका तेव्हाच बंद झाला.

"राहू दे दादा, करतो आम्ही," गौतम म्हणाला. मायेनंच म्हणाला होता तो.

त्या संध्याकाळी भाकरी थापताना रूपालीला टुप्प ऐकू आलं. परत आलं. मग येतच राहिलं. शिवी मात्र एकही नाही. ती बाहेर आली. पिल्लू चालत कड्यापर्यंत येई, पडे, पुन्हा सुरुवातीला उभं राहून चालू लागे. फळी बाजूला तशीच होती. अंकुशचा हात मांडीवर पडला होता.

"फळी टाका ना," ती म्हणाली.

"कायले?"

"पडून राहिलं ना ते."

"पडू दे."

मग रोज तेच. नेहा म्हणाली, नागपूरला मनाच्या डॉक्टरकडे नेऊ. अंकुश म्हणाला, "हात लावून देते का तो?" आणि भिंतीकडे वळला.

एका दुपारी रूपालीनं त्याच्या देखत तो गेम काढून टाकला. तिला वाटलं, आता चिडेल, मोबाइल हिसकावून घेईल. भांडला असता तर तिला आधार वाटला असता. त्यानं एवढंच विचारलं, "झालं?"

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली नाही. त्याची वायरची पेटी, शेतातलं औषध, गोठ्यातला दोर, सगळं तिनं गौतमच्या घरी नेऊन ठेवलं. शेजारणीनं कामाचं विचारलं तेव्हा म्हणाली, "संत्री सरली यंदाची." शेडवर अजून गाड्या भरत होत्या.

आता दिवसभर दोघं ओसरीवर बसतात. ती बोलत राहते, बहिणीचं, शेजाऱ्यांचं, कशाचंही. तो कधी हुं म्हणतो, बहुतेक तेही नाही. तो उठून आत गेला की तीही काहीतरी निमित्त काढून त्याच्या मागं आत जाते.