जवळून गेलेला दगड

बत्तीशीकाका कवळ्या बनवायचे. अर्ध्या गावाचं हसू त्यांच्या हातचं होतं. फोटोत कुणी जरा जास्तच तोंड उघडलं की काका खुशीत म्हणत, "बघा, आपला माल!" स्वतःच्या बायकोच्या दातांकडे मात्र त्यांनी सगळे पडेपर्यंत लक्ष दिलं नाही.

शेवटी एकदाचं काकूंच्या तोंडाचं माप घेतलं. मापात हवेचा बुडबुडा राहिला की त्यात ओतलेल्या प्लॅस्टरच्या साच्यावर फुगवटा उठतो. तो चाकूने खरवडून टाकायचा, हे या धंद्यातलं रोजचंच. काकूंच्या साच्यातही खालच्या हिरडीवर असाच एक फुगवटा दिसला. काकांनी सवयीने चाकू फिरवला.

कवळी बसवली तशा काकू कळवळल्या. "इथे बोचतंय हो."

काकांनी बोट लावून पाहिलं. बुडबुडा नव्हताच तो. तोंडात, जागच्या जागी, कडक गाठ होती.

"डॉक्टरांना दाखवू या का?" काकूंनी विचारलं.

नेमकी तेव्हा बातमी गाजत होती, की आकाशातून एक भलामोठा दगड येतोय आणि पृथ्वीच्या अगदी जवळून जाणार आहे. काकांच्या मदतीला तो देवासारखा धावून आला.

"तो दगड जाऊ दे गं आधी. आदळला तर डॉक्टरही नाहीत आणि आपणही नाही."

काकू हसल्या. काकांनी कवळी त्या जागी घासून घासून पोकळ केली. बोचायचं थांबलं.

मग काकांना दगडाचं वेडच लागलं. गिऱ्हाइकाच्या तोंडात मापाचा लगदा कोंबून ते व्याख्यान सुरू करत. "जवळून गेला तरी समुद्र उसळणार नाही, झाडाचं पान हलणार नाही. उलट पृथ्वीच त्याला ओढून त्याची वाट जराशी वाकवेल. आपल्याला काही होत नाही." गिऱ्हाईक "आँ" करायचं. काका ती दाद समजायचे. घरी मात्र काकू एकाच बाजूने चावू लागल्या, की काका खिडकीबाहेर बघत.

दगड भर दुपारी गेला. दोरीवरचे कपडेसुद्धा हलले नाहीत.

"गेला एकदाचा," म्हणत काकूंनी चपला घातल्या.

डॉक्टर बॅटरी लावून बराच वेळ बघत राहिले. मग काकांकडे वळले. "रोज तोंडं बघता तुम्ही. इतके दिवस कुठे होतात?"



"ह्यांनी किती वेळा सांगितलं," काकू मध्येच म्हणाल्या. कवळी काढल्यामुळे शब्दांतून वारा जात होता. "मीच ऐकलं नाही."

"खोटं बोलतेय ती," काका म्हणाले.

डॉक्टरांनी मान हलवली, कागदावर जबड्याचं चित्र काढलं आणि किती भाग काढावा लागेल ते दाखवायला त्यावर एक रेघ ओढली. काकूंनी ती दोनदा समजावून घेतली. काकांना ती समजावून सांगावी लागली नाही.