मागं सरायला जागा

पुंडलिकनगरहून ऑफिसला जाताना एका अरुंद बोळात एक काका आठवडाभर रोज दिसले. त्यांचं घर रस्ता रुंदीकरणात जाणार होतं. घराच्या निळ्या भिंतीला जवळजवळ नाक लावून ते मोबाइलवर फोटो काढायचे, वीतभर सरकायचे, पुन्हा काढायचे. सासरी जाताना मुलीनं उमटवलेल्या हळदीच्या पंजापाशी जरा जास्त थांबायचे. हे सगळे तुकडे जोडून त्यांना अख्ख्या भिंतीचा एक फोटो करायचा होता.

“काका, मागं सरून एकदाच काढा की,” मी म्हणालो.

त्यांनी पाठीला टेकलेली समोरच्या घराची भिंत थोपटली. “सरू कुठं? रस्ता झाल्यावर लई जागा व्हईल. तवा भिंत नसंल.”

आता रस्ता झालाय. परवा तिथं गाडी लावली आणि दहा पावलं मागं सरलो. पाठीला काहीच लागलं नाही.