फुगा उतरवायची वेळ

जानेफळच्या पुंजाजीचा थोरला शालिग्राम नौदलात भरती झाला, तेव्हा गावाला ते खरंच वाटेना. पैनगंगेचा पूर सोडला तर त्या पोरानं मोठं पाणी पाहिलं नव्हतं. घर वांगी-मिरची लावणारं. महाराष्ट्र राज्य झालं त्याच साली तो मुंबईला गेला आणि तिथं शिडाच्या होड्यांच्या नादी लागला.

नादी लावणाराही आपल्याच जिल्ह्यातला निघाला. रोहिणखेडचे अर्जुनराव. हुद्द्यानं वर, वयानं मोठे, बोलायला कमी. शिडांच्या कोठारात दोघं वऱ्हाडीत बोलत बसले की कोकणातले खलाशी हसत. ‘‘तुमच्याकडं होड्या कशावर चालतात रे, कापसावर?’’

‘‘हाव, कापसावरच,’’ अर्जुनराव म्हणत. ‘‘ते शीड कायचं हाय मंग?’’

काही वर्षांनी, एका हिवाळ्यात मुंबई ते गोवा शर्यत ठरली. एका होडीवर दोनच माणसं. अशा शर्यतीत एक जण पहाऱ्यावर असतो तेव्हा दुसरा झोपतो. शीड बदलायचं म्हटलं की झोपलेल्याला उठवावं लागतं. त्यामुळं कोणतं शीड लावायचं, या प्रश्नातच कोणी किती झोपायचं हेही ठरून जातं.

होडी लहान. आत शिडांच्या पिशव्या ठेवल्या तर माणसांनी कुठं निजावं? शालिग्रामचा जीव फुग्यात अडकला होता. वारा पाठीमागून असला की होडीच्या पुढं फुगून तरंगणारं ते भलंमोठं पातळ शीड. साहेब लोक त्याला स्पिनेकर म्हणत, हे दोघं फुगा म्हणत. अर्जुनरावांनी तो घेऊ दिला, पण निघण्याआधी शालिग्रामला समोर बसवून बजावलं, ‘‘जे शीड एकट्याच्यानं उतरत नाही, ते एकट्याच्या भरवशावर ठेवाचं नाही. वारा वाढला का मले उठवाचं. समजलं?’’

‘‘समजलं, दादा.’’

पहिला दिवस पडेल वाऱ्यात गेला. संध्याकाळनंतर वारा जमिनीकडून येऊ लागला, मग पडला, मग भलतीकडून आला. दर वेळी पुढचं शीड बदला, ओलं शीड आत कोंबा, दोर आवळा, पुन्हा सैल सोडा. कोणाचीच पाठ धड टेकली नाही. उजाडलं तेव्हा अर्जुनरावांचे डोळे मिरचीसारखे लाल झाले होते. भाकरीचा तुकडा हातात धरून ते बसल्याबसल्या पेंगत होते.

दुपारी उत्तरेकडून चांगला वारा सुटला. दोघांनी मिळून फुगा चढवला आणि होडी जिवंत झाली. पुढं एक होडी होती, सकाळपासून ठिपक्याएवढी दिसणारी. आता तिचं शीड स्पष्ट दिसू लागलं.

‘‘मी पडतो जरासाक,’’ अर्जुनराव म्हणाले. ‘‘ध्यान ठेव बे.’’ आणि आत जाऊन ते ओल्या पिशव्यांवर आडवे झाले, ते लगेच घोरायला लागले.

वारा वाढला. लाटांवर पांढरे तुरे उठले. सुकाणू हाताला जड लागू लागलं. शालिग्रामला कळत होतं, हीच वेळ. दोनदा त्यानं हाक मारायला तोंड उघडलं. पण आतून येणारं ते घोरणं ऐकून त्याचा जीव धजेना. बिचारा माणूस आत्ता कुठं डोळा लावतोय. आणि पुढची होडी आता इतकी जवळ आली होती, की तिच्यावरची दोन्ही माणसं मागं वळून पाहत होती. दया कुठली आणि हाव कुठली, हे त्याला तेव्हा वेगळं करता आलं नसतं. त्याच्याही डोळ्यांत वाळू पडल्यासारखं झालं होतं.

त्यांनी त्या होडीला मागं टाकलं. त्यानंतर थोड्याच वेळात मागून एक लाट आली, होडी फिरली आणि आडवी झाली. फुगा पाण्यावर थाडथाड आपटू लागला. आत काहीतरी धाडकन आदळलं.

अर्जुनराव रांगत बाहेर आले. डावा खांदा खाली लोंबत होता. उजव्या हातानंच त्यांनी फुग्याचा दोर खुंटीवरून सोडला. ‘‘जाय पुढं! ओढ त्याले!’’ शालिग्राम पोटावर सरकत पुढं गेला. निम्मं शीड होडीखाली गेलं होतं. ते ओढता ओढता फाटलं, अडकलं, शेवटी त्यानं चाकूनं दोर कापले. होडी हळूहळू सरळ झाली.

मग त्यानं मोठं शीडही उतरवलं आणि पुढं एक लहानसं जाड शीड लावलं, वादळाचं, एका माणसाला पेलणारं. शर्यत संपली होती. रत्नागिरीचं बंदर गाठायचं होतं. अर्जुनरावांचा हात त्यानं गमछ्यानं गळ्याशी बांधला. मघाची ती होडी बाजूनं जाताना तिच्यावरच्यांनी मदत हवी का विचारलं. अर्जुनरावांनी चांगला हात हलवून त्यांना पुढं पाठवलं.



‘‘काऊन नाही उठवलं?’’ अर्जुनरावांनी विचारलं.

‘‘तुमी लय थकले होते, दादा.’’

‘‘थकलो होतोच. तू नोयता थकला?’’ कळ आल्यानं ते थांबले. ‘‘अरे, उठवलं असतं तं मी शिव्या देल्या असत्या. शिव्या खाऊन घ्याच्या. तेवढ्याले कायले भ्याचं?’’

शालिग्रामच्या अंगात आता रडायचंही त्राण उरलं नव्हतं. सूर्य बुडेपर्यंत तो सुकाणूवर बसून राहिला. ते लहान शीड त्यांना गाईच्या चालीनं किनाऱ्याकडं नेत होतं.

अर्जुनरावांचं हाड जुळलं, पण खांदा वर उचलेना. वर्षभरात ते नौदल सोडून रोहिणखेडला शेतावर परतले. सुट्टीत शालिग्राम त्यांना भेटायला गेला. जिभेवर माफीचे शब्द घोळवत एसटीत बसला होता. दारात त्यांच्या बायकोनं, मनकर्णाबाईनं, त्याला पाणी दिलं आणि ती म्हणाली, ‘‘शेतात गेले हायेत. बसा. तुमचंच सांगत राह्यतात नेहमी.’’

‘‘काय सांगतात?’’

‘‘का पोरगं एकट्यानं होडी घेऊन आलं बंदरात.’’

माफीचे शब्द त्याच्या तोंडातच राहिले. अर्जुनराव आले, जेवणं झाली, तुरीच्या भावाच्या गोष्टी झाल्या. समुद्राचा विषय निघाला नाही.

पुढं तो आणखी चार-पाच शर्यतींत उतरला, दर वेळी नव्या जोडीदाराबरोबर. वारा जरा चढला की हाक मारायचा. जोडीदार चिडायचे, शिव्या घालायचे, ‘‘भित्रा वऱ्हाडी’’ म्हणायचे. तो फुगा उतरवून घ्यायचा आणि त्यांना पुन्हा झोपायला पाठवायचा. एकही शर्यत त्यानं जिंकली नाही. एकदा तिसरा आला, तेव्हा बक्षीस घ्यायला जोडीदार एकटाच गेला. शालिग्राम धक्क्यावर शिडांच्या पिशव्यांना टेकून गाढ झोपला होता.